सहाशे पायऱ्यांचा हिशेब

दुसरे महायुद्ध संपून चार-पाच वर्षे झाली होती. लंडनच्या रस्त्यांवर लाल दुमजली बसगाड्या धावत होत्या आणि प्रत्येक गाडीवर दोन माणसे नेमलेली असत. एक चालक. तो पुढच्या लहानशा कक्षात चक्र धरून बसे आणि पाळीचा जवळजवळ नव्वद टक्के वेळ बसूनच काढी. दुसरा वाहक, म्हणजे कंडक्टर. तिकिटे देत, पैसे घेत तो खालच्या मजल्यावरून वर आणि वरून खाली अशी सतत ये-जा करी. दोघे एकाच थरातले, बहुधा एकाच प्रकारच्या वस्तीत राहणारे. पगारात मोठे अंतर नाही, खाणेपिणेही सारखेच. दोघांच्या फुफ्फुसांत धूर जाई तोही एकाच शहराचा. फरक होता तो एवढाच की, एक दिवसभर बसे आणि दुसरा दिवसाला सुमारे सहाशे पायऱ्या चढे. एका मजल्याला वीस पायऱ्या धरल्या, तर रोजचे तीस मजले झाले.

हा फरक जेरी मॉरिस या डॉक्टरांच्या नजरेत भरला. त्या काळी इंग्लंडमध्ये मध्यमवयीन पुरुषांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण झपाट्याने वाढत होते आणि त्याचे कारण कोणालाही नीट सांगता येत नव्हते. मॉरिस यांनी १९४९ च्या सुमारास लंडनच्या वाहतूक सेवेतील ३५ ते ६४ वर्षे वयाच्या सुमारे ३१,००० पुरुषांच्या आजारपणाच्या नोंदी तपासण्यास आरंभ केला. नोंदींतून जे निघाले ते स्पष्ट होते. वाहकांमध्ये हृदयविकार कमी आढळत होता; ज्यांना होत होता त्यांना तो उशिरा होत होता आणि त्याचे स्वरूपही तुलनेने सौम्य होते. चालकांमध्ये पहिल्याच झटक्यात माणूस जाण्याचे प्रमाण अधिक होते. मॉरिस सावध होते. त्यांनी लगेच निष्कर्ष जाहीर केला नाही. टपाल खात्याची माहिती मागवून त्यांनी पायी व सायकलवर पत्रे वाटणारे पोस्टमन आणि त्याच खात्यात बसून काम करणारे कारकून व टेलिफोनवाले यांची तुलना केली. तिथेही तोच प्रकार दिसला. मग १९५३ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात हे संशोधन प्रसिद्ध झाले.

जाणकारांनी शंका घेतली आणि ती रास्त होती. जाड, सुस्त प्रकृतीचा माणूस मुळातच चालकाचे काम निवडत असेल आणि चपळ माणूस वाहकाचे, तर श्रेय पायऱ्यांना कसे द्यायचे? मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर काढलेली तोड व्यापाऱ्याला, त्यातही कापड-व्यापाऱ्याला, विशेष आवडावी. वाहतूक कंपनी कर्मचाऱ्यांना गणवेश शिवून देत असे आणि प्रत्येकाच्या विजारीच्या कमरेचे माप दप्तरी लिहिलेले असे. ती मापे तपासण्यात आली. चालकांच्या कमरा खरोखरच रुंद होत्या. परंतु तेवढ्याने प्रश्न सुटला नाही, कारण वाहक बारीक असो, मध्यम असो वा पोट सुटलेला असो, त्याचा धोका चालकापेक्षा कमीच राहिला. म्हणजे लाभ केवळ सडपातळपणाचा नव्हता. शरीर दिवसभर हलत होते, त्याचा होता.

लंडनची ती बस डोळ्यांपुढून हलवून तिच्या जागी मार्केट यार्डातील एखादा गाळा किंवा मराठवाड्याच्या मोंढ्यातील आडतीचे दुकान ठेवून पाहावे. सकाळी नऊ-दहाला शेठ गादीवर येतात. फोन उजव्या हाताला, गल्ला समोर, चहा जागेवर. मुनीम वही घेऊन येतो, ग्राहक समोर येऊन बसतो, नमुना पोऱ्या आणून दाखवतो. दुपारचा डबाही तिथेच उघडला जातो. रात्री साडेआठला गल्ला मिळवून शेठ उठतात, दाराशी उभ्या असलेल्या गाडीत बसतात आणि घरी लिफ्टने वर जातात. दिवसभरात त्यांच्या पायांनी किती काम केले याचा हिशेब मांडला, तर तो लंडनच्या चालकापेक्षाही कमी भरेल. चालकाला निदान क्लच आणि ब्रेक तरी दाबावे लागत होते.

जुन्या पिढीत असे नव्हते. आज ज्यांच्या तीन-तीन शाखा आहेत, अशा अनेक घरांतील आजोबा-पणजोबा कापडाचे गठ्ठे किंवा किराणा घेऊन आठवडे बाजार करीत. सोमवारी एक गाव, मंगळवारी दुसरे. वसुलीही पायीच होई. ज्यांचे दुकान गावातच होते, तेही माल उतरवताना स्वतः हात लावीत. आणि जी गादी आज बैठ्या आयुष्याची खूण वाटते, ती तरी जमिनीलगत असे. दिवसातून वीस-पंचवीस वेळा मांडी मोडून उठावे आणि पुन्हा बसावे लागे. गुडघे, मांड्या आणि कंबर यांना हा व्यायाम नकळत घडत असे. चाकांच्या खुर्चीने तो काढून घेतला. व्यापार वाढला, ही आनंदाचीच गोष्ट. मात्र त्या वाढीबरोबर घराण्याचा एक जुना साठा कोणाच्या ध्यानी न येता संपत गेला.

इथे हमालाचा विषय निघतोच. शेठ बसून आणि हमाल पाठीवर पोते घेऊन. मग हमालाची प्रकृती उत्तम असायला हवी, असा युक्तिवाद गमतीने केला जातो. तो टिकणारा नाही. जड वजन, मनाप्रमाणे विश्रांती नाही, दिवसामागून दिवस तोच मणका आणि तेच गुडघे, अशा श्रमाचा लाभ फिरण्याच्या किंवा खेळाच्या व्यायामासारखा मिळत नाही, उलट अपायही संभवतो, असे अलीकडच्या युरोपीय अभ्यासांतून पुढे आले आहे. वाहकाच्या कामाची गोष्ट निराळी होती. त्याचे ओझे हलके होते, हालचाल मध्यम होती आणि मध्ये मध्ये उसंत होती. शरीराला मानवते ते हेच.

'माझे वजन वाढलेलेच नाही, मला काय होणार?' हा प्रश्न व्यापारी मंडळींत हमखास ऐकू येतो. त्याचे उत्तर एका छायाचित्रात आहे आणि ते छायाचित्र पुण्याशी निगडित आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचेच उदाहरण मांडले. उंचीच्या मानाने वजन मोजणारा जो निर्देशांक वापरतात, तो दोघांचाही नेमका २२.३ होता. कागदावर दोघे सारखेच सडपातळ. प्रत्यक्ष तपासणीत युडकिन यांच्या शरीरातील चरबी ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिक यांच्या शरीरातील २१.२ टक्के. भारतीय माणूस बारीक दिसतो. पण त्याच्या अंगात स्नायू कमी आणि चरबी अधिक असते आणि ती चरबी पोटाभोवती साठते. सदऱ्याच्या आत दडलेले हे पोट वजनकाट्याला कळत नाही. तराजूवर ज्याचे आयुष्य गेले, त्याला तराजूची ही मर्यादा समजावून सांगावी लागू नये. काटा किलो सांगतो. पोत्यात धान्य किती आणि खडे किती, हे सांगत नाही.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीनुसार देशात मधुमेही माणसांची संख्या १० कोटींच्या वर गेली आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या या आकड्यामागे कारणे पुष्कळ आहेत. बैठे जीवन हे त्यांतले एक मोठे कारण. शरीरात साखर खर्च करणारा मोठा ग्राहक म्हणजे स्नायू. तो ग्राहक दुकानात फिरकलाच नाही, तर माल पडून राहणार आणि पडून राहिलेला माल नासणार. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चालले, तर रक्तातील साखर उतरण्यास मदत होते, ती याच कारणाने.

दुसरे एक वाक्य असेच वारंवार कानी पडते. 'कॉलेजात असताना मी खो-खोच्या संघात होतो.' कोणी कबड्डीचे नाव घेतो, कोणी तालमीचे. ती वर्षे सुखाची असतात आणि त्यांचा अभिमान असण्यात काही वावगे नाही. प्रश्न एवढाच की, ती जुनी कमाई पन्नाशीत उपयोगी पडते का?

मॉरिस यांनी पुढे हाही प्रश्न हाती घेतला. बसच्या वाहकाला कामामुळेच व्यायाम घडतो. पण कचेरीत बसणाऱ्याला तो फावल्या वेळात करता येईल का आणि केला तर लाभ होईल का, हे त्यांना पाहायचे होते. १९६८ पासून त्यांनी मध्यमवयीन ब्रिटिश सरकारी अधिकाऱ्यांची मोठी पाहणी केली. सोमवारी सकाळी, पूर्वसूचना न देता, त्यांच्याकडून मागच्या शुक्रवारी आणि शनिवारी काय काय केले याची पाच-पाच मिनिटांची नोंद लिहून घेण्यात आली. एक दिवस कामाचा, एक सुट्टीचा. कोणत्याही लेखापालाने मान डोलवावी अशी ही पद्धत होती. जे अधिकारी दम लागेल असा व्यायाम करीत होते, पोहत होते, खेळत होते, झपाझप चालत होते, त्यांना हृदयविकाराचा धोका बराच कमी निघाला. नंतरच्या वर्षांतील पाठपुराव्यात आणखी एक गोष्ट दिसली: तरुणपणी खेळलेल्या, पण पुढे खेळ सोडून दिलेल्या माणसांना त्या जुन्या खेळाचे कोणतेही संरक्षण उरले नव्हते.

अमेरिकेत राल्फ पॅफेनबार्गर हे याच वाटेने गेले. त्यांच्या घराण्यात हृदयविकार होता आणि स्वतः पॅफेनबार्गर यांनी पंचेचाळिशीत, १९६७ मध्ये, धावायला सुरुवात केली. पुढे त्यांनी दीडशेहून अधिक मॅरेथॉन पूर्ण केल्या. त्यांनी हार्वर्ड विद्यापीठाच्या १६,९३६ माजी विद्यार्थ्यांची वर्षानुवर्षे माहिती ठेवली. रोज किती अंतर चालता, किती जिने चढता, कोणते खेळ खेळता असे साधे प्रश्न होते. १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, आठवड्याला दोन हजार किंवा अधिक उष्मांक अशा हालचालींत खर्च करणाऱ्यांचा मृत्युदर कमी हालचाल करणाऱ्यांपेक्षा पाव ते एक तृतीयांशाने कमी होता. आणि विद्यापीठाच्या संघात चमकलेला, पण नंतर आरामखुर्चीत स्थिरावलेला खेळाडू यात मागे पडला. विद्यार्थिदशेत मैदानाचे तोंडही न पाहिलेला, पण मोठेपणी नेमाने हिंडणारा-फिरणारा माणूस पुढे गेला.

बँकेच्या भाषेत सांगायचे तर व्यायाम ही मुदत ठेव नाही. विशीत एकरकमी भरली आणि साठीत व्याजासह हाती आली, असे इथे होत नाही. त्याचे साम्य आहे ते पिग्मीशी. १९२८ मध्ये उडुपीत सुरू झालेली, पुढे सिंडिकेट बँक या नावाने प्रसिद्ध झालेल्या बँकेची ही योजना. रोज दोन आण्यांसारखी किरकोळ रक्कमही बँकेचा माणूस दारी येऊन गोळा करी. आजही बाजारपेठेतील असंख्य दुकानांत सायंकाळी पिग्मीवाला येतो आणि दुकानदार गल्ल्यातून पन्नास-शंभर रुपये काढून देतो. धंदा मंदा असला तरी देतो, कारण रक्कम लहान आहे आणि माणूस दारात उभा आहे. या खात्यात एक अट मात्र बँकेपेक्षा कडक आहे. भरणा थांबला की जुनी शिल्लकही काही महिन्यांत आटू लागते.

वर्षातून एकदाच मोठी रक्कम भरणारेही असतात. शत्रुंजयावर सुमारे साडेतीन हजार पायऱ्या आहेत. लंडनच्या वाहकाचे जवळजवळ सहा दिवसांचे काम एका सकाळी. वर्षभर जिना टाळलेला माणूस भक्तीच्या बळावर तो डोंगर चढून जातो आणि मग चार दिवस पोटऱ्या धरून बसतो. कोणाला डोली करावी लागते. कोणाच्या छातीत धडधड सुरू होते आणि सोबतच्यांचा जीव टांगणीला लागतो. यात्रेचे पुण्य हा विषय वेगळा. शरीराच्या बाजूने एवढेच सांगता येते की, यात्रेच्या तीन महिने आधीपासून घरचा जिना रोज चढणाऱ्याला तोच डोंगर निराळा भासतो. नव्व्याण्णव यात्रा करणाऱ्यांचे पाय पाहिले, तर रोजच्या चढणीने काय घडते ते वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

रोज किती, हा प्रश्न व्यवहारी आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये दिलेले माप असे: प्रौढ माणसाने आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम प्रमाणात किंवा ७५ ते १५० मिनिटे जोरकस हालचाल करावी. मध्यम म्हणजे बोलता येते, पण गाणे म्हणता येत नाही इतपत दम. आठवड्याची एकूण मिनिटे होतात १०,०८०. त्यांतली १५० म्हणजे शेकडा दीड. याहून कमी दराने बाजारात कोणी आडत घेत नसेल. त्याखेरीज आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम सांगितला आहे आणि पासष्टीपुढच्यांसाठी तोल सांभाळण्याचा सरावही. या मार्गदर्शनात दुकानदाराच्या सोयीचा एक बदल आहे. पूर्वी एका वेळी सलग दहा मिनिटे तरी व्यायाम व्हावा अशी अट होती, ती काढून टाकण्यात आली. पाच मिनिटेही आता जमेत धरली जातात.

दहा हजार पावलांचा आकडा मात्र वैद्यकशास्त्रातून आलेला नाही. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकनंतर जपानमध्ये पावले मोजणारे एक यंत्र विक्रीस आले. त्याच्या जपानी नावाचा अर्थच 'दहा हजार पावलांचे मापक' असा होता. नाव खपले आणि आकडा जगभर गेला. ही व्यापारी कल्पकता दाद देण्याजोगी आहे, परंतु ज्याला दहा हजार जमत नाहीत त्याने निराश होऊन घरी बसावे असे त्यात काही नाही. पॅफेनबार्गर यांच्या सहकारी डॉ. आय-मिन ली यांनी सरासरी ७२ वर्षे वयाच्या सुमारे सतरा हजार स्त्रियांची पाहणी २०१९ मध्ये प्रसिद्ध केली. दिवसाला सुमारे २,७०० पावले चालणाऱ्या स्त्रियांपेक्षा ४,४०० पावले चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी होते आणि साडेसात हजारांच्या आसपास हा लाभ स्थिरावला होता. घरातील आजींसाठी हे वृत्त महत्त्वाचे आहे. दिवसभर स्वयंपाकघरात उभे राहणे म्हणजे चालणे नव्हे, आणि 'आम्हांला घरात काय कमी कामे असतात' या उत्तराने पावले वाढत नाहीत.

दुकानाच्या दिवसात हे बसवायचे कसे? सकाळचा वेळ सर्वांत खात्रीचा, कारण दुकान उघडल्यावर दिवस आपला राहत नाही. घर आणि पेढी यांत दोन-अडीच किलोमीटर अंतर असेल, तर जाताना चालत जाणे हा सर्वांत स्वस्त उपाय. वीस-पंचवीस मिनिटांत दिवसाचा हप्ता भरला जातो. गोदामाची फेरी पोऱ्यावर न सोपवता स्वतः मारावी. त्यात मालावर नजर राहते, हा वरकड नफा. फोन आला की उठून उभे राहून बोलावे. ज्या घरांत चौविहार पाळला जातो, तिथे सायंकाळचे जेवण सूर्यास्तापूर्वी होते. अनेकांचा डबा त्या वेळी दुकानात येतो आणि जेवून माणूस पुन्हा तिथेच दोन-तीन तास बसतो. पचनाच्या दृष्टीने लवकर जेवण्याचा जो फायदा, तो या बसण्याने निम्मा वाया जातो. डबा मिटल्यावर बाजारपेठेतून एक फेरी, शेजारच्या दोन-तीन दुकानदारांना सोबत घेऊन मारली, तर गप्पाही होतात आणि भावही कळतात. उपवासाच्या दिवसांत, विशेषतः पाण्याशिवायच्या उपवासात, दमवणारा व्यायाम करू नये हे सांगायला हवे. त्या दिवसांपुरते खाते बंद ठेवावे.

स्नायूंचे बळ या विषयाकडे व्यापारी घरांत जवळजवळ कोणी पाहत नाही. चाळिशीनंतर स्नायू हळूहळू झिजू लागतात. सत्तरीत माणूस न्हाणीघरात पडतो, तेव्हा दोष ओल्या फरशीला दिला जातो. मांड्यांतील बळ वीस वर्षांपूर्वीच गेलेले असते. यासाठी महागडी व्यायामशाळा हवीच असे नाही. बैठका, भिंतीला हात टेकून जोर, खुर्चीवरून हाताचा आधार न घेता दहा वेळा उठणे एवढ्याने आरंभ होतो. सूर्यनमस्कारात चढ-उतार, ताण आणि दम तिन्ही आहेत. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानात शाळांमधून त्याचा प्रसार केला, तो उगाच नव्हे. तरुण मुले मात्र दुसऱ्या टोकाला जाताना दिसतात. तीन महिन्यांत दंड फुगवायचे म्हणून डब्यातील भुकट्या आणि कोणी दिलेल्या गोळ्या घेतात. शाकाहारी घराला डाळी, दूध, दही, शेंगदाणे, सोयाबीन यांतून पुरेशी प्रथिने मिळू शकतात. डब्यात काय आहे हे ज्याला वाचता येत नाही, त्याने तो डबा घेऊ नये.

चालण्यापेक्षा खेळ बरा की नाही, यावर वाद घालण्याचे कारण नाही. तरी खेळाच्या बाजूने एक मुद्दा आहे. डेन्मार्कमधील कोपनहेगन शहरात ८,५७७ लोकांची सुमारे पंचवीस वर्षे माहिती ठेवण्यात आली आणि २०१८ मध्ये तिचे निष्कर्ष आले. बैठ्या माणसांच्या तुलनेत टेनिस खेळणाऱ्यांचे आयुष्य सरासरी ९.७ वर्षांनी आणि बॅडमिंटन खेळणाऱ्यांचे ६.२ वर्षांनी अधिक भरले. एकट्याने धावणे किंवा यंत्रावर व्यायाम करणे यांचे आकडे त्याखाली होते. खेळामुळेच आयुष्य वाढले असे यातून सिद्ध होत नाही. टेनिस खेळणारा माणूस मुळातच सुस्थितीतला असू शकतो. संशोधकांनी मात्र एका गोष्टीकडे लक्ष वेधले आहे: या खेळांत दुसरा माणूस लागतो. दुहेरी बॅडमिंटनला चार जण लागतात. सकाळी सहाला कंटाळा आला तरी उरलेले तिघे कोर्टवर वाट पाहत असतात आणि फोन करून जागे करतात. पिग्मीवाला दारात उभा राहतो तसेच हे. बॅडमिंटनचे तर महाराष्ट्राशी नाते जुने आहे. एकोणिसाव्या शतकात पुण्याच्या छावणीतील इंग्रज अधिकारी हा खेळ खेळत आणि त्यांच्यात त्याला 'पूना' याच नावाने ओळखले जाई. आज लहान गावांतही कोर्ट भाड्याने मिळते. भागीदारीचे मोल ज्यांना धंद्यात कळले, त्यांना इथेही ते कळावे.

पन्नाशीपुढे एकदम कोर्टवर उतरणे मात्र धोक्याचे. मधुमेह, रक्तदाब किंवा घराण्यात हृदयविकार असेल, तर आधी डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी. पहिले दोन महिने केवळ चालावे. चालताना छातीत दाब वाटला, डावा हात किंवा जबडा दुखू लागला, नेहमीच्या अंतरात नेहमीपेक्षा अधिक दम लागला, तर 'गॅस झाला असेल' म्हणून घरी येऊन सोडा पिऊ नये. लंडनचे कितीतरी चालक पहिल्या इशाऱ्यालाच गेले. ज्याला इशारा मिळून वेळही मिळाली, त्याने ती दवडू नये.

मॉरिस आणि पॅफेनबार्गर या दोघांना १९९६ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचा क्रीडाविज्ञानाचा पहिला पुरस्कार विभागून मिळाला. पॅफेनबार्गर २००७ मध्ये गेले. मॉरिस यांनी स्वतःच्या संशोधनावर स्वतःही विश्वास ठेवला होता. लंडनच्या हॅम्पस्टेड हीथ या विस्तीर्ण माळावर ते धावू लागले, तेव्हा साठचे दशक होते. मोठा माणूस विनाकारण धावतो हे दृश्यच लोकांना ठाऊक नव्हते आणि पाहणारे त्यांना चक्रम समजत. नव्वदी ओलांडल्यावरही ते पोहत होते, व्यायाम करीत होते आणि विद्यापीठातील आपल्या खोलीत कामाला जात होते. २००९ च्या ऑक्टोबरमध्ये, शंभरीला काही महिने उरले असताना, त्यांचे निधन झाले.

त्यांचे बालपण ग्लासगो शहरात गेले होते. पोलंडकडून आलेले स्थलांतरित कुटुंब, बेताची परिस्थिती. वडील मुलाला घेऊन सुट्टीच्या दिवशी शहराबाहेर चार मैल चालायला जात. चार मैल तासाभरात झाले, तर बक्षीस म्हणून आइस्क्रीम मिळे.